उन्हापुरती डाळ

बाई, तुझी तेरवी परवा झाली. काल सकाळी मी अकोल्याला परत निघायला गाडी काढत होतो, तेवढ्यात तुझ्या डाळीच्या गिरणीवरच्या बायका अंगणात येऊन बसल्या. चहा झाला. मग तुझ्या हाताखाली तयार झालेली ती सुमन म्हणाली, "भाऊ, खळ्याचं काय करता?"

"माह्या खळ्याचं मी काय करतो ते तुमाले काहून सांगू?" मी म्हणालो.

"नका सांगू. पन तूर पसरवाची का गोळा कराची, तेवढं सांगा. ऊन वर येऊन राह्यलं."

मी गाडीचं दार आपटलं. तुझ्याशी बोलताना जसं डोकं फिरायचं तसंच फिरलं. फरक एवढाच, की आपटल्यावर घरातून तुझा आवाज आला नाही, "दार बापानं नाई घेऊन देल्लं, हळू लाव."

मला लिहायची सवय नाही. मी जे काही कमावलं ते बोलून कमावलं. पण आता ओरडायला समोर तू नाहीस, म्हणून लिहितो.

खळं माझं आहे, हे तू कधी नाकारलं नाहीस. तू विधवा होऊन माहेरी आलीस तेव्हा आपण दोघा बहीणभावांनीच तोंडी वाटणी केली होती: शेत तुझ्याकडे, रस्त्याकडचं खळं माझ्याकडे. तेव्हा तो रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी होती. आता दर्यापूरला जाणारी प्रत्येक गाडी त्या खळ्यासमोरून जाते. कोल्ड्रिंकच्या एजन्सीवाल्याला ते विकत घेऊन गोदाम बांधायचं आहे. तो तुझ्या तेरवीलाही आला होता. पंगतीत बसून बुंदी खाल्ली आणि हात धुताना मला म्हणाला, "दुःखात बोलू नये, पण विचार करा." माझ्याच जातीचा, सौदेबाज माणूस. मी त्याच्या जागी असतो तर मीही पंगतीतच विषय काढला असता.

हे असं वागणं मला कोणी शिकवलं? तूच. बाप गेल्यावर आपण दर्यापूरच्या बाजारात गवार आणि वांगी विकायला बसायचो. मी लहान, भाव सांगताना घाबरायचो. तू म्हणायचीस, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहू नको गज्या. उठून चाललं का त्याच्या पायाकडे पाह्य. पाय दमानं पडला, तं ते परत येते. तोवर भाव सोडू नको." पुढे मार्केट यार्डात पोती उचलायला लागलो, तेव्हा पण तूच बोललीस: "उचलनारे लय हायेत. बोलनारा हो." मी बोलणारा झालो. अकोल्यात अडतीचं दुकान टाकलं, डाळमिलवाल्यांना तूर-हरभरा देऊ लागलो. त्या दुकानातल्या गादीवर मी आज बसतो ती तुझ्या त्या दोन वाक्यांवर बसतो. हे तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू त्याचंही भांडवल केलं असतंस.

मला बोलायला शिकवलंस, आणि मग तूच भर बाजारात माझं तोंड बंद केलंस.

आपला पट्टा खारा. विहिरीला पाणी आहे, पण जनावर तोंड लावत नाही. इथली तूर मी नेहमी थोडा भाव पाडूनच घ्यायचो. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि म्हणायचं, "खारपानाची तूर हाय बापा, टनक. डाळ शिजत नाई हिची." शेतकरी मान हलवायचा, कारण घरी वरण शिजत नाही हे त्यानं जन्मभर बघितलेलं. मी खोटं बोलत नव्हतो, बाई. आपल्या आईनं दुपारभर चूल पेटती ठेवून, सोडा टाकून, तरी दाताखाली येणारी डाळ आपल्याला वाढली नाही का? माझ्या आधीच्या अडत्यानं तेच म्हटलं, त्याच्या आधीच्यानं तेच म्हटलं.

तू अकोल्याच्या यार्डाच्या फाटकासमोर दोन स्टोव्ह मांडलेस. दोन पातेली. आपल्याच तुरीची डाळ दोन्हीत. एकात आपल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात अचलपूरहून एसटीनं कॅनमध्ये आणलेलं गोडं पाणी. लिलावाचा दिवस. लोक म्हणाले, ही बाई वरण विकायला बसली का? तू पळी घेऊन उभी राहिलीस. एका पातेल्यातली डाळ फुटून लोणी झाली, दुसऱ्यातली तशीच खालवर नाचत राहिली. तू प्रत्येकाच्या हातावर दोन्हीकडची डाळ ठेवलीस. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. तेवढ्यात रामतीर्थकडचा एक म्हातारा लांबून ओरडला, "काहून गजाननभाऊ, डाळ टनक हाय का पानी टनक हाय?"

सगळं यार्ड हसलं. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

संध्याकाळी गावी घरी येऊन मी तुला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू भाकरी थापत होतीस. मी म्हणालो, "मले घरी सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

"घरी सांगतलं असतं तं तू ऐकून घेतलं असतं, अन् भाव तोच ठेवला असता."

"हे तू कोनत्या आधारावर म्हनतं?"

"तुले मीच शिकोलं ना बापा."

तुझं हे म्हणणं मला आजही मान्य नाही. मी भाव वाढवला असता की नाही, ते मला विचारल्याशिवाय तू ठरवलंस. आणि मला खरा राग त्याचाही नाही. आपल्या गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की दोष पाण्याचा आहे. टँकरचं पाणी आलं की वरण मऊ होतं, हे त्या रोज बघत होत्या. पण सौदा करायला यार्डात नवरे यायचे, आणि नवऱ्यांनी कधी विचारलं नाही. मग माझ्या एकट्याच्या तोंडाला काळं का?

तिथून पुढे तुझी गिरणी सुरू झाली. मी तिला गिरणी म्हणतो, तू "आमचं खळं" म्हणायचीस, आणि मी प्रत्येक वेळी "माझं" म्हणून दुरुस्त करायचो. तुझं म्हणणं साधं होतं. तूर अकोल्याला जाते, तिथे तिची डाळ होते, आणि तीच डाळ आपण दर्यापूरच्या दुकानातून परत विकत आणतो. गुरांच्या खाण्याची चुनी तिकडेच राहते, मजुरी तिकडेच राहते, आणि इथली पोरं कामाला पुण्याला जातात. मी म्हणायचो, "जग असंच चालतं." तू म्हणायचीस, "चालते म्हनूनच पाहून राह्यली, कुठी चाललं ते."

एक छोटं यंत्र आणलंस, छपरावर सोलरच्या पाट्या बसवल्यास. तुरीला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, ढीग झाकून मुरवायचा, मग ऊन, मग पाण्याचा शिपका, पुन्हा ऊन. तेव्हा कुठे साल सुटते. मिलमध्ये हेच काम गरम हवेनं होतं, पावसाळा असो की हिवाळा. तुझ्याकडे खळ्यावर मावेल तेवढी तूर आणि त्या दिवशी पडेल तेवढं ऊन. शेंगा झोडून उरलेली तुऱ्हाटी बायकांच्या चुलीला, चुनी गाईम्हशींना. काही फेकायचं नाही. मी बघायला आलो की तू मला मुद्दाम चुनीचं पोतं उचलून दाखवायचीस, जसं काही मी मिलच्या चुनीचा पैसा खाल्लाय.

तुझी डाळ चांगली होती. हे मी तेव्हाही म्हणत होतो. म्हणून तर ती चांगल्या भावात विकून द्यायची असं मी ठरवलं, आणि तिथेच आपलं सगळं बिनसलं.

पुण्याचा एक मोठा खरेदीदार माझ्या ओळखीचा. त्याला मी सांगितलं: सिंचन नाही, काळी जमीन, उन्हात वाळवलेली, बायकांनी केलेली डाळ. तो खूश झाला. वर्षभर घेतो म्हणाला, जेवढी द्याल तेवढी. मी हो म्हणालो. शब्द दिला. अडत्याकडे दुसरं काय असतं? जमीन नाही, पीक नाही, यंत्र नाही. फोनवर उच्चारलेला एक शब्द असतो, आणि त्याच्या जोरावर समोरचा माणूस न बघितलेल्या मालाचे ट्रक ठरवतो.

मी आनंदानं गावी आलो. येताना अकोटहून पेढे आणले. तू पेढा खाल्लास, ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "वर्षभर म्हंजे पावसाळ्यात बी?"

"पावसाळ्यात बी. एक ड्रायर बसवू. मी लावतो."

"अन् तूर?"

"बाहेरून आनू. इथली कमी पडन तं लातूरकडून आनू."

"मंग ते आमची डाळ कशी राह्यली?"

"बाई, नाव तुहं राह्यते, काम बायकांले भेटते. अजून काय पायजे?"

"नाई जमत गज्या. ऊन जेवढं वाळवते तेवढीच डाळ."

मी समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. मी कोणापुढे हात जोडत नाही. तू म्हणालीस, "शेजारच्या वामनरावचं वावर पाह्यलं ना? बोअरचं खारं पानी देऊन दोनदा हरभरा काढला. पैसा आला. आता जमीन पांढरी पडली, पाऊस पडला का चिखल, उघडला का दगड. घाई जमिनीले झेपत नाई, तं बायांले कशी झेपन? आज ड्रायर, उद्या रात्रपाळी, परवा तुहा मानूस येऊन सांगन का या बाया कमी करा, मशीन घ्या."

मला पुण्याला फोन करून नाही म्हणावं लागलं. इतक्या वर्षांत बाजारात माझा शब्द पहिल्यांदा पडला. तो माणूस फक्त "ठीक आहे" म्हणाला. त्यानंतर त्यानं माझ्याकडून दुसरा मालही घेतला नाही. हे तुला माहीत होतं का? मी सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस.

त्याच उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला. मी सकाळीच फोन केला होता, ढग बघून. "तूर गोळा कर, नाहीतर अर्ध्या खळ्यावर तरी टिनाचं शेड घाल, सरकतं." तू म्हणालीस, "सावलीत डाळ वाळत नाई, अन् तुह्या शेडमागं ड्रायर येते, मले ठाव हाय." पसरलेली सगळी तूर भिजली, कोंब आले. गाईंना घातली. मी गावात येऊन "आता?" एवढंच म्हणालो. तू तेवढ्यावर आठ महिने बोलली नाहीस. माझा शब्द पडला तेव्हा मी बोललो होतो, ओरडलो होतो, भांडलो होतो. तुझी तूर भिजली तेव्हा तू गप्प झालीस. मला विचारशील तर गप्प बसणं जास्त वाईट.

रागात मीही निरोप धाडला, "माझं खळं मोकळं कर." तू दरवर्षी संक्रांतीला डाळ पाठवायचीस. त्या वर्षीही संक्रांतीला डाळीची थैली अकोल्याला पोचली. मी ती परत पाठवणार होतो. पण तोवर तुझ्या भावजयीनं शिजायला टाकली होती.

अमरावतीच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा मी रोज येत होतो, पण आपण कामाचं काही बोललो नाही. डॉक्टर काय म्हणाले, जेवली का, सलाईन संपलं का. एकदाच तू डोळे उघडून विचारलंस, "तुरीचा भाव काय चालू हाय?" मी भाव सांगितला. तू म्हणालीस, "पडते का वाढते?" मी म्हणालो, "तू बरी हो, वाढवतो." तू हसलीस की तोंड वाकडं केलंस ते कळलं नाही, कारण नाकात नळी होती. मला तेव्हा पुण्याच्या शब्दाचं बोलायचं होतं. नीट, आवाज न चढवता. उद्या बोलू म्हटलं. दवाखान्यात माणसं उद्यावर फार टाकतात.

तू विचारायचीस, "तुह्या अडतीत उद्या काय राहीन?" मी चिडायचो. आता सांगतो, काही विशेष राहणार नाही. मिलवाल्यांची पोरं शेतकऱ्यांना थेट फोन करतात, मोबाइलवर फोटो बघून माल ठरतो. दुकानाच्या गादीवर मी अर्धा दिवस रिकामा बसतो. हमाल गेले, कारण पोती उचलायला यंत्र आलं. माझ्यासारखी बोलून जगणारी माणसं कमी होत चालली आहेत. ज्याला भाव माहीत, त्याला मधला माणूस कशाला? त्यात तू सांगत होतीस की काम कमी असावं पण ते दरवर्षी असावं, जमिनीला आणि माणसाला दोघांना झेपेल एवढं. मला ते गरिबीचं गोड नाव वाटायचं. अजूनही अर्धं तसंच वाटतं. पाऊस लहरी झालाय, आणि उन्हावर पोट चालवणं म्हणजे जुगारच आहे. पण ज्या धंद्यावर मी तुला हसत होतो, तो चालू आहे. ज्या धंद्यातून मी हसत होतो, तो दुपारी झोपा काढतो.

तर काल अंगणात दार आपटून मी परत फिरलो आणि बायकांना म्हणालो, "खळं पायजे तं भाडं लागन."

मला वाटलं रडतील. सुमननं पदर खोचला. "सांगा."

मी आकडा सांगितला. ती हसली. "भाऊ, एवढ्यात तं अकोल्यात तुमच्या बाजूले गाळा भेटते. पानी बी गोडं."

"मंग जा अकोल्यात."

"गेलो असतो. ऊन तथी एवढं मोकळं नाई."

खालच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "ऊन फुकट हाय, त्याचं बी भाडं मागतीन." सगळ्या हसल्या. मी तापलो, आकडा वाढवला. सुमननं आपला आकडा सांगितला, माझ्यापेक्षा पुष्कळ खाली. मी म्हणालो एजन्सीवाला पाहिजे तेवढं द्यायला तयार आहे. ती म्हणाली, "त्याले द्याचं असतं तं तेरवीच्या पंगतीत देल्लं असतं. आमच्याजवळ काहून बसले?" मी उठलो, गाडीकडे गेलो. मागून कोणी हाक मारली नाही. तेव्हा लक्षात आलं, सगळ्या माझ्या पायांकडे बघत आहेत. हे त्यांना कोणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती.

मी परत येऊन बसलो. भाडं ठरलं, माझ्या मनापेक्षा बरंच खाली. पण दोन अटी मी सोडल्या नाहीत. एक, डाळ विकणार मी. सुमन म्हणाली, "विका. पन किती कराची हे आमी सांगू, शब्द आमाले विचारून द्या." मी कबूल केलं. दुसरी, अर्ध्या खळ्यावर सरकतं टिन. ढग आला की ओढायचं, ऊन पडलं की मोकळं. ड्रायर नाही. यावर त्या आपसात पुष्कळ कुजबुजल्या. एकीनं म्हटलं, "बाईले चाललं नसतं." सुमन म्हणाली, "बाईले चाललं नसतं, पन बाईची तूर भिजली होती."

तू असतीस तर उठून गेली असतीस. तू नाहीस म्हणून हे मला मिळालं. अशा मिळण्याचा मला आनंद झालेला नाही.

मग त्यांनी तूर पसरली. मी बसून बघत राहिलो. एजन्सीवाल्याला तिथूनच फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, बहिणीच्या आठवणीसाठी ठेवता का? मी त्याला शिवी दिली.

आठवणीसाठी नाही. माझा पुण्याचा शब्द तू पाडलास, त्याचा राग आहे, आणि तो राहील. तुझं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. पुढच्या दहा उन्हाळ्यांत एखादं वर्ष पाऊस असा येईल की टिनही पुरणार नाही, आणि तेव्हा मी म्हणेन, बघ. एखादं वर्ष अकोल्यातल्या दुकानाचं शटर खाली येईल आणि सुमन डाळीची पोती गाडीत चढवत असेल, तेव्हा तू म्हणशील, बघ. खळं विकलं असतं तर दोघांपैकी कोणालाच ते म्हणता आलं नसतं. मला अर्धवट राहिलेला सौदा सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून ठेवलं. मायेनं ठेवलं असं समजू नकोस.

समजलीस तर समज. थकलोय मी, तुझ्याशी कोण वाद घालणार.